चौथ्या सिलिंडरमधला ठोका

जगात घाणेरडी कामं पुष्कळ आहेत, पण ती किळस करत करत आयुष्यभर मन लावून करणारा माणूस एकच होता. तो म्हणजे नाकमुरड्या मिस्त्री.

ट्रकचं इंजिन उघडायच्या आधी तो त्याच्याकडे असा बघे, जणू कोणी त्याच्या ताटात मेलेलं झुरळ वाढलंय. मग दोन बोटांच्या चिमटीत एक नट धरायचा, उजेडात फिरवायचा आणि म्हणायचा, "शी! माणसं आहात की डुकरं?" समोरचा ड्रायव्हर नवा असला तर चिडायचा. जुना असला तर बिडी पेटवून निवांत बसायचा, कारण त्याला ठाऊक असायचं की शिवी देऊन झाली म्हणजे आता काम चोख होणार. गॅरेजच्या पाटीवर नुसतं 'डिझेल इंजिन दुरुस्ती' लिहिलेलं होतं, पण पत्ता विचारणारा नाकमुरड्याचं गॅरेज कुठे असंच विचारी. सुरुवातीला हे नाव पाठीमागे घेत. पुढे तोंडावर घेऊ लागले. त्यावरही तो "शी!" म्हणाला आणि विषय संपला.

हे नाक त्याला कुणाकडून मिळालं, देव जाणे. बापाकडून तर नक्कीच नाही. बापही इंजिनांचाच मिस्त्री होता. मोठा गमत्या, मोठा गबाळा. काळ्या हातानं डोकं खाजवायचा, त्याच हातानं जेवायचा, आणि जेवण झाल्यावर हात धुवायचा, म्हणजे उलटाच कारभार. पोराला पहिल्या दिवशी गॅरेजात आणलं आणि गिअरच्या तेलाचा वास नाकात जाताच पोरगं दारातच ओकलं. बाप काय म्हणाला असेल? "ओकून घे बाळा. रिकाम्या पोटी डोकं चांगलं चालतं."

तो जमानाच वेगळा होता. आवाज ऐकायचा तर बाप लोखंडी सळईचं एक टोक इंजिनाला लावायचा आणि दुसरं दातांत धरायचा. डोळे मिटायचे. सगळं गॅरेज गप्प. एखाद्या गवयानं तंबोऱ्याला कान लावावा तसा तो उभा राहायचा, आणि मग डोळे उघडून सांगायचा, अमक्या ठिकाणी अमका पुर्जा रडतोय. नाकमुरड्यानं ती विद्या सगळी उचलली, फक्त सळई तोंडात धरली नाही. ती धुवून, पुसून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून कानामागच्या हाडाला टेकवायची, ही त्याची सुधारणा. "दातांत काय धरायचंय?" तो म्हणे. "त्या सळईनं कायकाय पाहिलंय, ते मला माहीत आहे."

आणि खरं सांगायचं तर त्याची किळस हेच त्याचं भांडवल होतं. घाण त्याला सोसवत नसे, म्हणून त्यानं बांधलेल्या इंजिनात घाणीचा कण राहत नसे. इतर मिस्त्री एकदा धुतात, तो तीनदा धुवे आणि चौथ्यांदा वास घेई. बायको म्हणायची, "यांना माझ्यात आजवर खोट सापडली नाही, कारण यांनी मला अजून उघडून बघितलेलं नाही." हा विनोद ती पाहुण्यांसमोर करायची आणि तो लाजून पुन्हा एकदा हात धुवायला जायचा.

या दोघांना एकच लेक. नाक बापाचं, जीभ आईची. लहानपणी बाहुल्यांऐवजी नटबोल्ट धुवायची. रॉकेलच्या वाटीत बुडवायचे, ब्रशनं घासायचे, कागदावर ओळीनं वाळत घालायचे. तिचं लग्न झालं ते ट्रकवाल्याच्या घरात. जावई स्वतःच्या घरचा ट्रक स्वतः चालवायचा. मुलगा सालस, पण बोलायचं सगळं काम त्यानं हॉर्नवर सोपवलेलं. हॉर्न तरी दिवसातून बऱ्याचदा वाजे, जावई वाजत नसे. बापासमोर तर नाहीच.

तर आता त्या बापाकडे वळू.

व्याही म्हणजे काटकसरीचा मेरुमणी. वाकडा खिळा दिसला तरी उचलून सरळ करणार, सुतळीचा तुकडा गाठी मारून गुंडाळणार. चप्पल इतक्या वेळा शिवलेली की मूळ चप्पल कुठली आणि शिवण कुठली हे चांभारालाही सांगता येऊ नये. पण त्याच चपलेत चालून या माणसानं तीन बहिणींची लग्नं केली होती आणि एकट्यानं ट्रक उभा केला होता, हेही विसरून चालणार नाही. उपाशी दिवस पाहिलेल्या माणसाच्या हातून काही सुटत नाही. फेकून देणं हा त्याला गुन्हाच वाटायचा. नाकमुरड्याला मात्र त्याच्या शेजारी बसलं की अंगावर काटा यायचा. "हा माणूस रुमाल धुतो की नुसता उलटा करतो?" असं तो बायकोला विचारायचा, आणि ती म्हणायची, "तुम्ही लेक त्यांच्या मुलाला दिलीय की रुमालाला?"

या ट्रकचं इंजिन मागच्या हिवाळ्यात नाकमुरड्यानंच पूर्ण उघडून बांधून दिलं होतं. नवी बेअरिंगं, नव्या रिंगा, सगळं मन लावून. लेकीच्या घरची गाडी! चार चाकांवर आपलीच इभ्रत धावतेय, असं त्याला वाटायचं. महिनोन् महिने इंजिन मांजरासारखं गुरगुरत चाललं.

आणि एका सकाळी तो ट्रक दुसऱ्या ट्रकच्या मागे साखळीला बांधलेला, मान खाली घातलेल्या बैलासारखा गॅरेजच्या दारात आला.

स्टिअरिंगवर जावई. शेजारी लेक, मांडीवर कपड्यांची बॅग. आणि तिच्या पलीकडून खाली उतरले व्याही. काही माणसं नुसती येतात, काहींचा प्रवेश होतो. व्याह्यांचा प्रवेश झाला. शेजारच्या पंक्चरवाल्यानं हातातलं टायर खाली ठेवलं.

"मिस्त्री, घ्या तुमचं काम परत!"

कालपर्यंत 'व्याहीबुवा' म्हणणारा माणूस आज 'मिस्त्री' म्हणाला, एवढ्यावरूनच बायकोनं ओळखलं की प्रकरण इंजिनापुरतं नाही. ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"झालं तरी काय?"

"ठोकतंय! भरल्या गाडीनिशी चढावर एकदम ठोकायला लागलं. नवी बेअरिंगं घातली म्हणाला होतात ना? नवी अशी ठोकतात? जुनीच घासूनपुसून बसवलीत आणि आमच्या गळ्यात मारलीत."

नाकमुरड्याचं नाक इतकं वर गेलं की डोळे बारीक झाले. "मी? जुनी?"

"मग काय मी?"

"अहो, पण ही बॅग कशाला?" बायको लेकीकडे बघत होती.

"इंजिन तुमचं, लेकही तुमची. दोन्ही राहू देत इथंच. संध्याकाळी मी अड्ड्यावरच्या दोघांना घेऊन येतो. त्यांच्यासमोर कबूल करा की काम खोटं केलं. तेवढं केलंत की मी विसरलो सगळं, सूनबाई तिच्या घरी. नाही केलंत, तर खोट्या माणसाच्या लेकीचं आमच्या घरात काय काम?"

इतकं बोलून ते निघून गेले. जावई मागे उरला. तो सासऱ्याकडे बघेना, बायकोकडे बघेना. ट्रकच्या पुढच्या चाकाकडे बघत राहिला, जणू उत्तर त्याच्या हवा भरायच्या तोंडाशी अडकलंय.

"शी!" नाकमुरड्या म्हणाला. पण या वेळी ते इंजिनाला उद्देशून नव्हतं.

मग त्यानं बाह्या वर सारल्या. दोष कुठे आहे ते आधी कळायला हवं. दोष आपलाच असेल तर? बेअरिंग बसवताना एखादा कण राहिला असेल तर? 

"जावईबापू, नेमकं सांगा. आधीपासून बारीक आवाज येत होता की अचानक आला?"

"अचानक. चढावर. ठक, ठक, ठक. मी लगेच बंद केलं."

"लगेच म्हणजे? माथ्यापर्यंत नेलं असेल."

"नाही. तिथंच. बाबा म्हणाले, चढ तेवढा काढ. मी नाही काढला."

नाकमुरड्यानं पहिल्यांदा जावयाकडे नीट पाहिलं. "बरं केलंत. लावा आता. फक्त चालू ठेवा, दाबू नका."

इंजिन थंड होतं. लागलं, आणि पोटातून बारीक ठकठक ऐकू आली. शेजारच्या घरात कोणी सुपारी फोडावी तशी. जसजसं गरम होऊ लागलं, तसतशी सुपारी मोठी होत गेली. हे लक्षण त्याला आवडलं नाही. नुसता पिस्टन सैल असेल तर गरम झाल्यावर आवाज कमी होतो. इथे तेल गरम होऊन पातळ व्हायला लागलं, तसा ठोका वाढला. पण डिझेल फवारणारं नोझल बिघडलं तरी इंजिन असंच डोकं आपटतं, आणि नोझल म्हणजे तासाभराचं काम. माणूस आधी स्वस्त आशेला जवळ करतो.

पाना घेऊन त्यानं एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करायला सुरुवात केली. नट सैल केला की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही, तो गप्प बसतो. आणि त्याच्याबरोबर ठोकाही गप्प बसला, तर चोर त्याच खोलीत. पहिला सैल केला, ठोका तसाच. दुसरा, तसाच. तिसरा, तसाच. डिझेलची चिळकांडी मनगटावर उडाली, त्यानं ओठ आवळून पुसली. चौथा सैल केला आणि ठोका मऊ पडला. थांबला नाही, कोणी दार बंद करून आत बोलावं तसा झाला.

"चौथा," लेक मागून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली, त्याला कळलंच नव्हतं.

"नोझल बदलून बघू. चौथ्याचं पाचव्यात, पाचव्याचं चौथ्यात."

"नोझल नाहीये, बाबा."

"तुला काय माहीत?"

 त्यानं इंजिन बंद करवलं, नोझलांची अदलाबदल केली, पुन्हा लावलं. ठोका पाचव्यात गेला असता तर त्यानं त्या दिवशी सगळ्या गल्लीला चहा पाजला असता. ठोका चौथ्यातच राहिला. म्हणजे रोग वर नाही, खाली आहे. पिस्टनच्या दांड्याच्या, म्हणजे रॉडच्या, बेअरिंगमध्ये. त्यानं स्वतःच्या हातानं बसवलेल्या बेअरिंगमध्ये.

तो केबिनमध्ये चढला. तेलाचा दाब दाखवणारा काटा शून्यावर निजलेला.

"हा असा कधीपासून?"

"तो केव्हाच मेलाय," जावई म्हणाला. "बाबा म्हणतात, गाडी चाकानं चालते, काट्यानं नाही."

"शी, शी, शी!" त्यानं आपलं गेज आणून जोडलं. काटा कसाबसा उठला, आजारी माणसासारखा कोपरावर टेकला आणि गरम होताच परत झोपला. दाबच नव्हता. "बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

मग तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. तेलाचा थेंब त्यानं बोटांत घेतला, चोळला, नाकाशी नेला. आणि इतक्या वर्षांचा गॅरेजमधला माणूस, पण तो खरोखर मागे सरकला. त्या थेंबात जळकट वास होता, गिअरच्या तेलाचा तो जुना ओकारी आणणारा वास होता, आणि काहीतरी आंबलेलं होतं. हे तेल एका इंजिनाचं नव्हतं. चार-पाच गाड्यांची उष्टी एका भांड्यात ओतावीत तसं ते होतं.

"जावईबापू, तेल कधी बदललं?"

"मागच्या खेपेच्या आधी."

"कुठलं घातलं?"

जावयानं बायकोकडे पाहिलं. बायको आत निघून गेली.

तेल एका परातीत काढून नाकमुरड्या ट्रकखाली शिरला आणि इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं भांडं, म्हणजे चेंबर, सोडवायला लागला. चेंबर खाली आलं, तेव्हा त्याच्या तळाशी काळा गाळ थरथरत होता. त्यात तेल ओढून घेणारी जाळी. पण जाळी दिसतच नव्हती! तिच्यावर मऊ, केसाळ, काळं असं काहीतरी चिकटून बसलं होतं, भिजलेल्या उंदराच्या कातड्यासारखं. ते त्यानं नखानं सोललं. ते एकसंध निघालं. नाक मुरडून त्यानं ते कातडं डिझेलच्या वाटीत धुतलं. एक धुणं, दुसरं, तिसरं. काळं निघून गेलं आणि खाली राहिला पांढरा कापूस. तंतू. जाड कपड्याचा भुगा.

जाळी बुजली, तेल वर चढलं नाही, आणि चढावर भरल्या गाडीत चौथ्या सिलिंडरचं बेअरिंग तहानेनं मेलं. बेअरिंग त्यानं उघडून पाहिलं. वरचा मऊ थर झिजून खालचं तांबं लाल दिसत होतं, खरचटलेल्या गुडघ्यासारखं. ते ज्या मुख्य दांड्यावर बसतं, त्या क्रँकवरून नख फिरवलं. बारीक ओरखडे होते, पण नख अडकलं नाही. जावयानं बापाचं ऐकून माथा गाठला असता, तर क्रँकही गेला असता.

म्हणजे काम खोटं नव्हतं. तो मोकळा झाला होता. पण मोकळं झाल्यावर माणसाला जे वाटायला हवं, ते त्याला वाटेना. कारण हातात कापूस होता आणि आत लेक होती.

तो हात न धुताच स्वयंपाकघराच्या दाराशी गेला, यावरूनच बायको घाबरली.

"तेल गाळलंय कोणीतरी. टॉवेलमधून. कोणी?"

लेक ओट्याला टेकून उभी होती. "मी."

"तू? माझी पोरगी?"

"मामंजींनी डबे आणले. कुठल्या कुठल्या गॅरेजांतून काढलेलं तेल, फुकट मिळालेलं. म्हणाले, गाळून ठेव. मी म्हटलं, हे गाडीत घालायचं नसतं. म्हणाले, तुझ्या बापाला खर्च सोडून काही शिकवता येतं का?" तिचा आवाज चढला. "मग काय करणार होते? ते तेल बघून मला मळमळलं, बाबा. म्हटलं, असंच गेलं तर तुमची बेअरिंगं खाईल. निदान स्वच्छ तरी करू. मामंजी जुनं पातळ फडकं देत होते. मी म्हटलं, त्यातून कचरा जाईल. नवा जाड टॉवेल घेतला. चौपदरी. दोनदा गाळलं. दुसऱ्यांदा पिळूनसुद्धा घेतला."

"पिळलास?"

"पिळला."

नाकमुरड्या खाली बसला. काय गंमत आहे बघा! पोरीनं आळस केला असता, त्या फाटक्या फडक्यातून गाळलं असतं, तर तो घाणेरडा ट्रक कदाचित आणखी काही महिने चालला असता. घाणीनं इंजिन मारलं नाही. पोरीच्या स्वच्छतेनं मारलं. नव्या टॉवेलनं सगळा भुगा तेलात सोडला, पिळल्यावर तर मूठमूठ सोडला, आणि तो जाऊन जाळीवर बसला. तिचं नाक बापाचं, हात बापाचे, चूकही बापाच्या घरचीच.

"शी," तो म्हणाला. अगदी हळू.

"संध्याकाळी काय सांगणार?" बायकोनं विचारलं.

"जे आहे ते."

"म्हणजे सूनबाईनं इंजिन खाल्लं, हे तुम्ही चार माणसांत सांगणार. मग तिला तिथं कोण नीट नांदू देणार? त्यापेक्षा म्हणा की बेअरिंग सदोष निघालं. म्हणा ना! तुम्हाला सगळं जग आवडत नाही. एक दिवस जगाला तुम्ही आवडला नाहीत तर काय बिघडलं?"

"खोटं बोलू?"

"सळईसारखं जिभेला फडकं गुंडाळून बोला."

त्यानं लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला परत जायचंय, बाबा. माणूस चांगला आहे माझा. त्यानं बापाचं न ऐकता गाडी बंद केली. एवढं त्यानं कधीच केलं नव्हतं." मग जरा थांबून, "तुम्ही म्हणून टाका. एकदाच."

दुपारभर तो गॅरेजात बसून ते वाक्य तोंडात घोळवत राहिला. 'चूक माझी, बेअरिंग खराब होतं.' साधं वाक्य! लोक दिवसात याहून मोठं खोटं बोलतात आणि वर ढेकर देतात. पण त्याला ते वाक्य त्या तेलासारखं लागत होतं, दुसऱ्याच्या तोंडचं, उष्टं.

उन्हं उतरली आणि व्याही आले. बरोबर अड्ड्यावरचे दोघे ट्रकवाले, एक जाडा, एक म्हातारा. बायकोनं चहा दिला. जावई दाराला टेकून, लेक आतल्या उंबऱ्यात. उघडं इंजिन मधोमध, आणि खाली तेलाची परात. देखावा पूर्ण मांडलेला.

"हं, बोला मिस्त्री," व्याही म्हणाले.

नाकमुरड्या उठला. घसा साफ केला. "चूक..." तो म्हणाला आणि गप्प झाला. पुन्हा घसा साफ केला. "चूक माझ्या..." त्याचा चेहरा असा झाला होता की जाड्या ट्रकवाल्यानं कप खाली ठेवून विचारलं, "मिस्त्री, उलटी होतेय का?"

"चूक माझ्या बेअरि..."

"बाबा, पुरे!" लेक उंबरा ओलांडून बाहेर आली. "मला ऐकवत नाही. बेअरिंग चांगलं होतं. जाळी बुजली टॉवेलच्या भुग्यानं. जुनं तेल मी गाळलं, टॉवेलमधून."

 मग व्याह्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"ऐकलंत? ऐकलंत ना? सूनबाईनं! माझ्या ट्रकचं इंजिन सूनबाईनं..."

"पण जुनं तेल आणलं कोणी?" म्हाताऱ्या ट्रकवाल्यानं विचारलं. त्याला काही सिद्ध करायचं नव्हतं. खरंच कळलं नव्हतं.

व्याही खोकले. आणि दाराला टेकलेला जावई, ज्यानं लग्नात मंगलाष्टकांच्या वेळीही तोंड उघडलं नव्हतं, तो म्हणाला, "बाबांनी. डबे मी उतरवले."

"गप रे तू!"

"नाही. तिनं सांगितलं होतं घालू नका म्हणून. दोनदा. मी ऐकत होतो आणि गप्प बसलो. त्यातही माझीच चूक मोठी."

व्याही आता एकटे पडले, आणि एकटा पडलेला माणूस जुने दिवस आठवतो. "अहो, आमचे वडील असंच गाळून घालायचे! गाड्या चालल्या नाहीत का? चांगलं तेल मातीत ओतणारे तुम्ही लोक. ज्यानं कधी काही कमी पडताना पाहिलं नाही, त्याला फेकायला सोपं जातं." हे ते मनापासून बोलत होते, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. नाकमुरड्यालाही ते कळलं. म्हणून त्यानं शिवी दिली नाही. त्यानं परात उचलली आणि व्याह्यांच्या गुडघ्यांशी आणून ठेवली.

"बोट घाला."

"काय?"

"चांगलं तेल म्हणालात ना? एक बोट घाला."

व्याह्यांनी वाकून पाहिलं. वास वर आला. त्यांनी हात पुढे नेला, आणि तो आपोआप मागे आला. "शी!" ते म्हणाले.

"तुम्ही बोटाला लावत नाही, ते तुम्ही त्याला पाजलंत," नाकमुरड्या म्हणाला.

जाडा ट्रकवाला हसला. म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली आणि उठला. "चला. कबुली झाली की. ज्याची व्हायला हवी होती त्याची झाली." व्याही त्या दोघांच्या मागून चपला ओढत गेले. माफीचा शब्द त्यांनी काढला नाही. तो त्यांच्या घरात बहुधा जपून ठेवलेला असावा, अडीअडचणीला लागेल म्हणून.

नवं बेअरिंग आलं. क्रँकवरचे ओरखडे नाकमुरड्यानं बारीक पॉलिशपेपरनं, तेल लावून, हळूहळू उतरवले. जावई रोज हाताशी राहिला. आणि गंमत म्हणजे बोलायला लागला. फार नाही, पण पाना मागितला तर 'हा घ्या' म्हणायचा, एवढी प्रगती. पोरीनं जाळी स्वतः धुतली. इंजिन लागलं, गरम झालं, काटा ताठ उभा राहिला. ठोका नव्हता.

व्याही न्यायला आले ते जणू काही झालंच नाही असे. "झालं गेलं गंगेला मिळालं. व्याहीबुवा, काम एकदम फक्कड! चला सूनबाई, घर तुमच्याविना ओस पडलंय." नाकमुरड्याला त्यांच्या त्या गोड हसण्याचीच सगळ्यांत जास्त शिसारी आली. वाटलं, पोरीला सांगावं, उतर खाली, नको जाऊस. पण ती आधीच बॅग घेऊन चढत होती, आणि जावई म्हणत होता, "बाबा, तेल यापुढे मी आणणार. सीलबंद डबा." व्याही म्हणाले, "आण रे बाबा, उधळ!" आणि तेवढ्यात ते थबकले. त्यांची नजर कोपऱ्यातल्या परातीवर गेली.

"व्याहीबुवा, ते काढलेलं तेल... आहे ना अजून?"

"आहे."

"नाही, गाडीत नाही घालणार! शपथ! पण एखाद्या डब्यात भरून दिलंत तर... दाराच्या बिजागऱ्या असतात, कुदळीचा दांडा असतो. टाकून कशाला द्यायचं?"

 एवढी किळस नाकमुरड्याला आयुष्यात कधी आली नव्हती, आणि तिच्यासाठी 'शी' पुरणार नव्हतं. तो बायकोकडे बघू लागला. बायकोनं पदर तोंडाला लावला होता. हसत होती की काय, कळत नव्हतं.

पोरगी पायरीवरून खाली उतरली. बॅग खाली ठेवली. सांडलेलं तेल टिपायला भिंतीशी लाकडाच्या भुशाचं पोतं होतं, ते तिनं कवटाळून ओढत आणलं, तोंड सोडलं, आणि अख्खं पोतं परातीत उपडं केलं. भुशाचा डोंगर झाला. तेल त्यात झिरपत, शोषलं जात नाहीसं झालं. मग तिनं हात झटकले, पुन्हा केबिनमध्ये चढली आणि खिडकीशी जाऊन बसली. व्याह्यांसाठी मधली जागा उरली, इंजिनाच्या गरम झाकणावरची.

व्याही त्या डोंगराकडे बघत उभे राहिले. डोळ्यांत खरंच पाणी यायचं बाकी होतं.

"अगं," ते म्हणाले, "भुसा तरी कशाला वाया घालवलास?"

"चढा मामंजी," ती वरून म्हणाली. "उशीर होतोय."